घोडं धरलेला माणूस

वालूरचा आसाराम दुसऱ्याचं अंग उचलायचा. एकदा माणूस नजरेखालून गेला की त्याची चाल, त्याचं खाकरणं, बोलताना मान तिरकी करायची खोड, सगळं याच्या अंगात उतरलंच म्हणून समजा. बैलबाजारातला दलाल उपरण्याखाली बोटं दाबून सौदा करताना डोळे कसे मिटतो, ते हा असं करून दाखवायचा की खुद्द दलालाला हसून ठसका लागायचा. गाव म्हणायचं, पोरगं वाया चाललंय. पण वाया जायला बी घरी काही असावं लागतं. आसारामच्या घरी म्हातारी आई आन् गळकं छप्पर. तो दिनकररावांकडं सालगडी राहिला. गावची निम्मी काळी जमीन दिनकररावांची.

निजामी राज्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात रझाकारांचा एक सालार, त्यांच्या टोळीचा म्होरक्या, घोड्यावरून वालुरात यायचा. बैठक दिनकररावांच्या ओसरीवर. ताटात कोंबडी दिनकररावांची. आन् घोडं धरायला गडीही दिनकररावांचाच. आसाराम.

सालार कधी ओरडायचा नाही. त्याची ही खोड आसारामनं पहिल्याच दिवशी टिपली. बरोबरची पोरं दाणदाण पाय आपटत, शिव्या घालत. हा मात्र पाहुण्यासारखा हळू बोलायचा, जोडे दाराबाहेर काढायचा. आन् त्याचं ते जोडे काढणं बघूनच घरातल्या माणसांचं पाणी पाणी व्हायचं.

एक दिवस त्यानं कस्तुराबाईच्या दारात जोडे काढले. तिचा नवरा वैजीनाथ निजामाशी लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅंपात गेला होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. सासू तानुबाई रानात. गल्लीतली दारं धडाधड लागली. सालारनं पाणी मागितलं, उभ्यानं पिला, गडवा नीट खाली ठेवला. मग म्हणाला, "भाभी, डरो नक्को. हम मेहमान हैं. वो गले का हमारे पास अमानत देव. वैजीनाथ आये तो बोलो, आके लेके जाव."

गळ्यातलं म्हणजे डोरलं. नवरा जिवंत असताना बाईनं आपल्या हातानं डोरलं काढलं, तर नवऱ्याचं आयुष्य तिनंच तोडलं, असं आमच्याकडं मानतात. दोरा नुसता झिजून तुटला तरी नवा ओवून होईतो बाई गळ्यात हळकुंड बांधून बसते. कस्तुराबाई काढीना. सालार बाईच्या अंगाला हात लावीना; त्याला आपल्या अदबीचा लय अभिमान. त्यानं मागं न बघताच म्हटलं, "तू निकाल रे. तू इनके गाव का आदमी."

आसारामनं लगाम दातात धरला. दोन्ही हात कस्तुराबाईच्या मानेमागं नेले आन् गाठ सोडली. गाठ घामानं आवळली होती. सुटता सुटेना. कस्तुराबाई हलली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "आसाराम, आरं तू?"

सालारनं डोरलं तळहातावर घेतलं, सोनाराच्या तागडीसारखा हात जरा वरखाली केला आन् खिशात टाकलं.

वैजीनाथ निरोप ऐकून परत आला. अमानत घ्यायला गेला आन् तिसऱ्या गावच्या ओढ्यात सापडला.

मग बोटं उठली. तानुबाईनं सुनेच्या मोकळ्या गळ्याकडं बघून ऊर बडवला. "तूच काढलंस! माझं लेकरू तूच खाल्लंस!" कस्तुराबाई म्हणाली, म्या न्हाई काढलं, आसारामनं सोडलं. चावडीत आसारामला विचारलं. दिनकरराव तिथंच पानाला चुना लावीत बसले होते. आसारामनं एकदा त्यांच्याकडं बघितलं आन् म्हणाला, "म्या घोडं धरून भाईर व्हतो. म्या काय बी पाह्यलं न्हाई." कस्तुराबाईचा भाऊ चंद्रभान चुडाव्याहून आला, त्यानंही गावाचंच खरं मानलं आन् बहिणीला गाडीत घालून घेऊन गेला. गाव म्हणालं, बरं झालं, पांढऱ्या पायाची गेली.

गणपतीच्या दिवसांत हिंदुस्थानी फौज आली आन् निजामी बुडाली. सालार कुठं गेला कुणाला पत्ता नाही. दिनकररावांनी आठ दिवस दार लावून घेतलं आन् बाहेर आले ते खादीची टोपी घालूनच.

पुढं शाळेत व्यंकटराव मास्तर आले. झेंडावंदनाच्या दिवशी गावच्या पोरांचं नाटक करायचं त्यांच्या डोक्यात बसलं. गावात हिंडून त्यांनी ऐकलेलं सगळं लिहून काढलं. त्यात कस्तुराबाईचाही प्रवेश होता. नाव बदललेलं, पण गावाला कळायचं ते कळत होतं. सालार आला, बाई भ्याली आन् थरथरत्या हातानं तिनं स्वतःच डोरलं काढून दिलं. गावानं सांगितलं तसं मास्तरांनी लिहिलं. सालारचं काम आसारामला दिलं.

तालमीत आसाराम त्या प्रवेशाला येऊन अडला. मास्तर म्हणाले, "घाबरलास का? एवढ्या नकला करतोस की!"

"ही बाई हातानं काढती, मास्तर?"

"मग? कशी काढते?"

एवढाच वेळ होता त्याच्याजवळ. एक वाक्य. बन्सीधर न्हावी बाईचं लुगडं नेसून समोर उभा होता, पोरं खिदळत होती, आन् आसाराम म्हणाला, "काय न्हाई. तसंच असंल."

मास्तरांनी सालारला मिशीवर ताव मारायला, गरजायला लावलं होतं. आसारामनं ते सगळं काढून टाकलं. त्यानं जोडे काढले. पाणी मागितलं. गडवा नीट खाली ठेवला. "भाभी, डरो नक्को," तो म्हणाला आन् खिदळणारी पोरं गप झाली. बन्सीधर नंतर म्हणायचा, "म्या नाटकात रडत न्हाई बाप्पा, मला खरंच मुतायला व्हतं."

अंगरखा चाँदपाशा शिंप्यानं शिवला. माप घेताना त्यानं एकच विचारलं, "खांद्यात सैल ठेवू का?" नाटकाला तो आला नाही. त्या दिवशी त्यानं दुकानही उघडलं नाही.

पहिल्याच खेळाला एका म्हातारीनं काठी फेकून मारली. तानुबाई बायकांत बसली होती, बन्सीधरनं गळ्याला हात घालताच ती हंबरडा फोडून उठली, "बगा! बगा गं, असंच काढलं तिनं!" दिनकररावांनी खुर्चीतून उठून आसारामला उपरणं पांघरलं. पांघरता पांघरता त्याच्या कानाशी म्हणाले, "लेका, नजर लय तेज तुझी." ती कुणाच्या ओसरीवर तेज झाली, ते दोघांनाही कळलं. दोघंही हसले.

त्यानंतर आसाराम सालगडी राहिला नाही. सेलू, मानवत, जिंतूर, परभणी. जत्रा तिथं वालूरचा सालार. लोक गाड्या जुंपून यायचे. तंबूतला सिनेमा घेऊन फिरणारा एक मालक तर दारूच्या भरात म्हणाला, "मुंबईला चल, पडद्यावरचे दुष्ट तुझ्यापुढं बकऱ्या हायेत." आसारामला ते गोड लागायचं. खेळ संपला की मात्र त्याला लोकांत बसवायचं नाही. तो बैलांच्या आडोशाला जाऊन तोंड धुवायचा, पुन्हा पुन्हा धुवायचा. बन्सीधर म्हणायचा, "आरं, रंग गेला की! कातडं काढतूस का आता?"

अशी काही वर्षं गेली आन् चुडाव्याचं, कस्तुराबाईच्या माहेरचं, बोलावणं आलं.

आसारामनं घसा बसल्याचं सांगितलं. मास्तर म्हणाले, मध खा. पोटात कळ येते म्हणाला. बन्सीधर म्हणाला, "तुला येवढी कळ कामून यायली रे? चुडाव्यात सासरवाडी हाय का काय?" सगळे हसले. आसाराम पण हसला आन् सेलूच्या ठेसनावर त्यांच्याबरोबर गाडीत बसला.

गाडीत त्यानं मनाशी ठरवलं की गॅसबत्तीच्या उजेडात आपल्याला बायकांकडचं काही दिसत नाही. त्यांना आपलं तोंड दिसतं ते रंगाचं. आन् कस्तुराबाई बघायला येईलच कशाला? पण चुडाव्यात उतरल्यावर कळलं, बत्त्या परभणीहून आल्याच नाहीत. गावकरी म्हणाले, त्यात काय, दिवसाच करा. बसा जेवून, ऊन कललं की सुरू करा.

दोन छकडे जोडून वर फळ्या टाकल्या होत्या. कलत्या उन्हात समोरचं एकेक माणूस स्वच्छ दिसत होतं. बायका लिंबाखाली. पुढून दुसऱ्या ओळीत कस्तुराबाई बसली होती. कपाळ रिकामं, पदर डोक्यावर, हात मांडीत. ती बघत होती, सुईत दोरा ओवताना बघतात तसं.

आसारामनं जोडे काढले. पाणी मागितलं. आवाज बसला नव्हता. उलट कधी नव्हता इतका साफ लागला. "भाभी, डरो नक्को." बन्सीधर थरथरला, त्यानं गळ्याला हात घातला.

"थांब रं," कस्तुराबाई म्हणाली.

ती उभी राहिली होती. चंद्रभाननं पुरुषांतून "आक्का, खाली बस" म्हणून हाक मारली. ती बसली नाही. बायकांतून वाट काढत छकड्यापाशी आली आन् फळीला हात लावून म्हणाली, "पाणी बराबर पिला. जोडे बराबर काढले. समदं बराबर हाय. पर तिनं हातानं न्हाई काढलं. घोडं धरलेला माणूस कुठं हाय? त्याला आना."

मग कुणीतरी ओरडलं, "बाई, फळीवर घोडं कसं चढवावं?" आन् अख्खं चुडावा हसलं. लोकांना वाटलं, वालूरकरांनी बाईला आधीच शिकवून बसवलंय.

बोलायला जागा होती. दिवसाउजेडी, हजार माणसात, नुसतं म्हणायचं होतं: मी. आसारामनं तोंड उघडलं. आन् त्या तोंडातून सालार बोलला. हळू, अदबीनं, मान किंचित तिरकी करून.

"भाभी, तशरीफ रखो. आपके भाई लोग देख रहे हैं."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की लिंबावरचे कावळे उठले. कस्तुराबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग वळून चालत गेली. लिंबाखाली नाही, सरळ घराकडं. बन्सीधरनं डोरलं काढून आसारामच्या हातावर ठेवलं आन् आसारामनं तळहात जरा वरखाली केला, रोज करायचा तसा.

संध्याकाळी नाटकवाल्यांना गावानं घरोघर वाटून जेवायला नेलं. अशी चाल होती. सालारसाठी तर ओढाओढ. चंद्रभाननं दंडच धरला. "आमच्या आक्कानं आज मधीच उठून घोटाळा केला तुमचा. तिला जरा ते मागचं आठवतंय. आता तिच्याच हातचं जेवा, म्हंजे राग ऱ्हानार न्हाई." नाही म्हणायला आसारामला जागा सापडली नाही.

कस्तुराबाईनं वाढलं. भाकर, वरण, वर तेलाची धार. चंद्रभान पाण्याला उठला तेव्हा आसाराम ताटाकडं बघत म्हणाला, "आक्का, म्या..."

"जेव," ती म्हणाली. "थंड व्हायलंय."

"चावडीत म्या खोटं..."

"त्यो सालार येवढं चांगलं बोलत नव्हता," कस्तुराबाई म्हणाली. "थोडं तोतरं व्हतं त्याचं. तू लय साफ केलंस." तिनं अजून एक भाकर त्याच्या ताटात टाकली. "म्हातारी हाय का जिती, माझी सासू?"

"हाय."

"नाटक बगती का?"

"बगती."

"मंग मला काय सांगतुयास?" ती म्हणाली आन् चुलीकडं गेली.

आसारामनं ताट संपवलं. उष्टं टाकायची लाज वाटली आन् खाल्ल्याचीही वाटली.

वालूरला उतरल्यावर मंडळी मारुतीच्या पारावर थांबली. तिथंच त्यानं सांगितलं. डोरलं मी सोडलं, लगाम दातात धरून. कस्तुराबाईनं हात लावला नाही. बन्सीधरनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "आरं, पोटासाठी त्या साली कोन काय केलं न्हाई? म्या त्यांच्या दाढ्या केल्या." मास्तर म्हणाले, "बसलाय तो प्रवेश. त्याला आता हात लावायला नको. मंगळवारी मानवतला खेळ आहे." शरमेनं मेल्या माणसाला कुणी शिवी दिली तर बरं वाटतं. कुणी दिली नाही.

मंगळवारी तो मानवतला गेला नाही. अंगरखा बन्सीधरच्या घरी फेकून दिला आन् तानुबाईच्या अंगणात जाऊन बसला. म्हातारी शेंगा फोडत होती.

"कोण? आसाराम व्हय? ये बाबा. तुझं ते काम बगून दोन दिस मला घास जात न्हाई."

"मावशे, त्या दिवशी डोरलं तुझ्या सुनंनं न्हाई काढलं. म्या सोडलं. ह्या हातानं."

तानुबाईनं शेंग फोडून दाणे सुपात टाकले. "तू कसा सोडशील? तू तर सालार."

"ते नाटकात, मावशे. खरा म्या घोडं धरलेला."

"मला काय दिसत न्हाई व्हय रे? डोळ्यांनी पाह्यलंय म्या. इतक्या बायकांनी पाह्यलंय. तिनं आसा गळ्याला हात घातला, आन् तू आसा हात फुडं केलास." म्हातारीनं हुबेहूब करून दाखवलं. "कामून तिची बाजू घेतूस? तिच्या भावानं काय चारलं का तुला?"

"चारलं," आसाराम म्हणाला.

"बग!"

आसारामनं डोक्यावरचा रुमाल सोडला, त्याला पीळ घातला आन् एक टोक दातात धरलं. दोन्ही हात मोकळे करून तो उठला आन् म्हातारीच्या मागं जाऊन उभा राहिला. तोंडात रुमाल असल्यानं त्याला बोलता येईना. त्यानं तिच्या सुरकुतल्या मानेमागं बोटं नेली आन् नसलेली गाठ सोडायला लागला. सुटेना. त्या दिवशी सुटली नव्हती तशीच सुटेना. बोटं सरकत होती, परत धरत होती.

तानुबाईचे हात शेंगांवर थांबले.

"येवढा येळ लागला व्हता?" तिनं विचारलं.

आसारामनं मान हलवली. ती पाठमोरी होती. तिला ते दिसलं नाही. त्यानं दातातला रुमाल काढला आन् म्हणाला, "हो."

"आन् ती काय म्हनली?"

"माझं नाव घेतलं."

म्हातारीनं सूप बाजूला सारलं. मागं न बघताच म्हणाली, "हात काढ."

त्यानं काढले.

"आता चावडीत चल," तानुबाई गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाली. "आन् त्या दिनकररावालाबी बोलव. समद्यांपुढं करून दाव. म्या मान देते."

एवढ्या जत्रा केल्या, पण लोकांपुढं जायचं भ्या आसारामला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. तो तिच्या मागून निघाला.