मनकर्णाबाईची भूक

मेहकरच्या मिशन वसतिगृहात मुलींसाठी भाकरी थापणारी मनकर्णाबाई मोठ्या दुष्काळातली पोर. जानेफळच्या वाटेवर मेलेल्या आईजवळ बसलेली ती कुणाला तरी सापडली. मग मिशनच्या अनाथाश्रमात वाढली, तिथेच तिचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे मोतीराम उपदेशकाशी लग्न.

चाळिशीत तिच्या पायाची जखम भरेना. दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी लघवी तपासली.

"साखरेचा आजार आहे. गूळ बंद. भाकर, भात अगदी थोडा. नाहीतर पाय जाईल."

मनकर्णाबाईनं मान डोलावली. पण तिचा सगळा दिवस भाकरीच्या राशीपुढेच जायचा. दुपारी भूक आली की हातातलं काम सुटायचं. मग ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि गुळाशी भाकरीमागून भाकर गिळायची. चवही कळायची नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागायची ओळ आली की तिचे ओठ मिटायचे.

हावरटपणा पाप आहे, असं मनाशी धरून तिनं उपास सुरू केला. रविवारी उपासनेत गाणं म्हणता म्हणता ती खाली कोसळली. घरी आणल्यावर मोतीराम तिच्या उशाशी बसला.

"उपाशी काऊन राह्यली तू?"

"अवो, माह्यं मन भाकरीतच राह्यते. देवाले तोंड कसं दाखवू?"

"भूक त्यानंच देल्ली ना? ते पाप नाही. लपून खात जाऊ नको, एवढंच. भूक आली का मले हाक मार."

सिस्टरबाईही उपासावर रागावल्या. वेळच्या वेळी थोडं खा, म्हणाल्या. मग रोज दुपारी मोतीराम स्वयंपाकघरात येऊ लागला. दोघं डोळे मिटून देवाचे आभार मानायची आणि मुगाचं वरण, अंबाडीची भाजी, भाकरीचा चतकोर असं सावकाश खायची. काही दिवस निभले. पण तो दूरच्या खेड्यात उपदेशाला गेला की दार पुन्हा लोटलं जायचं. तो परतल्यावर ती स्वतःच त्याला सांगायची.

"पोटात जागा नसते, तरी खाते. हे भूक आजची नाही वं माय, त्या दुष्काळाच्या सालची हाये," एकदा तिनं सिस्टरबाईंना सांगितलं. त्या भुकेवर औषध त्यांच्याजवळ नव्हतं.

माघात पायाची बोटं काळी पडली. बैलगाडीत घालून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. गुडघ्याखालचा पाय कापावा लागला.

वसतिगृहात भाकरी थापायला दुसरी बाई लागली. मनकर्णाबाई वसतिगृहाजवळच्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून असायची. दुपार झाली की तव्यावरच्या भाकरीचा वास थेट तिथवर यायचा आणि तिची बोटं पदर चुरगाळायची.

"आली काय?" मोतीराम विचारायचा.

"आली."

तो तिचा हात हातात घ्यायचा. देवाजवळ काय मागावं, हे त्यालाही सुचायचं नाही. वास जाईपर्यंत दोघं तशीच बसून राहायची.