पाठमोऱ्या माणसाची सही

तारीख २३ नोव्हेंबर, रविवार, सकाळ. रक्कम आठ हजार रुपये. जागा करंजाडे, आमचे घर. हजर तिघे : मी, माझी पत्नी आणि कामोठ्याहून आलेला एक तरुण फोटोग्राफर. ज्याची सही हवी होती तो हजर नव्हता. तो आमचा मुलगा. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून तो घरी आलेला नव्हता.

तो का गेला ते आधी सांगतो. दीड वर्ष तो रोज सकाळी डबा घेऊन ऐरोलीच्या एका कंपनीत कामाला जात होता, असे आम्ही समजत होतो. एक दिवस मला ऐरोलीत काम निघाले म्हणून मी त्याच्या ऑफिसच्या गेटवर गेलो. वॉचमनने यादी पाहिली आणि या नावाचे कोणी इथे नाही म्हणाला. मी तिथूनच मुलाला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"ऑफिसात."

"मीपण इथेच आहे. गेटवर."

त्याने फोन ठेवला. त्यानंतर तो फोन लागला नाही आणि संध्याकाळी मुलगा घरी आला नाही. मी एवढेच बोललो होतो. रागावलो नव्हतो. रागवायला वेळच मिळाला नाही.

मी तळोज्याच्या एका कारखान्यात हिशेबनीस आहे. माझा स्वभाव असा की काम करायचे तर नीट करायचे. पोलिसांत तक्रार दिली, नातेवाइकांना कळवले आणि पत्रके छापून पनवेलभर लावली. पत्रकात उंची, रंग, कपडे आणि एक ओळ पत्नीच्या सांगण्यावरून : पाठीवर निळी बॅग, उजवा पट्टा लाल दोऱ्याने शिवलेला. छापखानेवाला म्हणाला होता, एवढे कोण वाचतंय, जागा वाया जाते. मी ती ओळ ठेवली.

त्याच ओळीमुळे फोटोग्राफर आमच्याकडे पोहोचला. वडाळे तलावाकाठच्या चहाच्या टपरीवर आमचे पत्रक अजून चिकटवलेले होते. टपरीवाल्या बाईंनी त्याच्या हातातला फोटो पाहिला, पत्रक पाहिले आणि आमचा पत्ता दिला.

त्याने टॅबलेट टेबलावर ठेवला. तलावाचे पाणी, सकाळचे धुके, कठड्याशी पाठमोरा उभा असलेला एक माणूस. चेहरा अजिबात दिसत नव्हता. मी चष्मा लावून वाकलो, तोवर पत्नीने बोट टेकवले होते.

"हा टाका माझा आहे."

मी विचारले, "कधी काढला?"

"सहा मार्च. सात चाळीस. कॅमेऱ्यात नोंद असते ना, काका."

सहा मार्च म्हणजे घर सोडून पाच महिने झाल्यावर. आम्ही नाशिक, कोल्हापूर, गुजरातेत सुरतेपर्यंत माणसे धाडली होती आणि तो आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर उभा होता.

"म्हणजे मार्चमध्ये होता," पत्नी म्हणाली. मग तिने तो फोटो बोटांनी मोठा केला. "बारीक झालाय."

"पाठीवरून काय कळतं?"

"पट्टा दोन बोटं आवळलाय बघा."

फोटोग्राफर अवघडला होता. तो सही घ्यायला आला होता, हे सगळे त्याला नवीन होते. त्याने हळूहळू त्याचे काम सांगितले. तो फोटो काढून एका वेबसाइटवर ठेवतो, जाहिरातवाले तिथून विकत घेतात. हा फोटो मन:स्वास्थ्याच्या एका मोठ्या जाहिरातीसाठी पसंत पडला होता. पण फोटोतल्या माणसाचे लेखी संमतीपत्र हवे. त्याला ते लोक रिलीज म्हणतात.

"चेहरा दिसत नाही, तरी?" मी विचारले.

"मीपण हेच भांडलो, काका. ते म्हणतात, जगाला नाही ओळखू येणार, पण त्याला स्वतःला येईल, घरच्यांना येईल. आणि विषय नाजूक आहे, उद्या कोणी म्हणालं की मला वेडा ठरवलं, तर? शुक्रवारपर्यंत रिलीज नाही दिलं तर दुसरा फोटो घेणार. मी त्याला आठ हजार देणार होतो. हवं तर थोडे जास्त."

"शोधून आण," पत्नी म्हणाली. "आठ हजार मी तुला देते."

त्याने टॅबलेट माझ्याकडे सरकवला.

मी फोटोखालचे शब्द वाचले. गिऱ्हाइकाला शोधून सापडावा म्हणून प्रत्येक फोटोखाली शब्द लिहावे लागतात, असे तो म्हणाला. एकटा. निराश. बेकार. अपयश. भारतीय पुरुष.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"असे शब्द चालतात, काका. मला काय माहीत तो कोण होता."

सोमवारी मी रजा टाकली आणि फोटोची प्रत घेऊन पोलीस चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी ती नीट पाहिली, फाइलला लावली आणि म्हणाले, "मार्चमध्ये इथे होता, एवढं कळलं. पण पाठ आहे हो. पाठीवरून पुढे माणूस कसा शोधायचा?" त्यांचे चूक नव्हते. विकायच्या वेळी तो माणूस ओळखू येत होता, शोधायच्या वेळी येत नव्हता.

नंतरचे दोन दिवस मी आणि तो फोटोग्राफर त्याच्या स्कूटरवरून फिरलो. त्याला सही हवी होती, मला मुलगा हवा होता, शोधायचा माणूस एकच होता. विचुंब्याच्या नव्या इमारतींवर विचारले, कामोठ्यातले पेइंग गेस्ट विचारले, एसटी डेपोतल्या कँटीनमध्ये विचारले. तो माझ्यापेक्षा बरे विचारायचा. मी सगळे पहिल्यापासून सांगत बसायचो, तेवढ्यात समोरचा गिऱ्हाइकाकडे वळायचा.

टपरीवाल्या बाई त्या भागातल्या जुन्या गावकरी. त्यांना सगळ्यात जास्त आठवत होते.

"आला व्हता ना. तीन-चार सकाली आला. अर्धा चाय घेई आन त्या कठड्याला जाऊन उभा राय. बोले नाय."

"कुठे राहतो, काही?"

"मी इचारलं, कामाला जातंस का रं? तर हसला. मंग नाय आला." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुमी तवा कुठं व्हते, भाऊ? तुमचा कागद तर हितंच लावलेला. मी येडी. त्याची पाठ बघत व्हते, पट्टा बघितला नाय."

मला त्यांना धीर द्यायला हवा होता. फोटोग्राफरने पैसे दिले आणि आम्ही निघालो.

बुधवारी संध्याकाळी फोटोग्राफर पुन्हा आमच्या घरी आला. दारातच चप्पल काढता काढता म्हणाला, "काका, एक मार्ग आहे. म्हणजे सांगू की नको कळत नाही."

फॉर्ममध्ये वारसाने सही करायचा एक रकाना होता. फोटोतला माणूस हयात नसेल तर.

पत्नी उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज आला नाही, नळाचा आला नाही. बाहेर येऊन ती म्हणाली, "तो रकाना नको. त्याच्या नावाने करा. तुम्हाला येते त्याची सही. कॉलेजच्या फॉर्मवर शंभरदा बघितलीय."

"ती खोटी होईल."

"होऊ दे. अहो, ही जाहिरात हायवेवर लागेल, स्टेशनांवर लागेल, मोबाइलवर येईल. हो ना रे?"

फोटोग्राफर म्हणाला, "देशभर आहे, काकू."

"मग तो कुठंही असला तरी बघेल. माझा टाका बघेल. त्याला कळेल की घरी पोचलंय, आपल्याला कुणी शोधतंय. तुमच्या पत्रकांनी झालं का काही? चौकीतून झालं? हा एक कागद उरलाय."

"आणि खाली मी सही ठोकायची की मला निराश, बेकार म्हणून दाखवा, माझी हरकत नाही? ज्या गोष्टीपायी तो गेला, तीच त्याच्या पाठीवर चिकटवून देशभर लावायची? हायवेवर ते पाहून तो घरी येईल की आणखी लांब जाईल?"

"खोटं खोटं काय लावलंय! तो दीड वर्ष खोटा कामाला जात होता, तेव्हा मी रोज खरा डबा भरत होते. माझ्या वाट्याला एक खोटी सही येऊ दे."

फोटोग्राफरने फॉर्म उघडून फोन माझ्यासमोर ठेवला, सही बोटानेच करायची होती. मुलाची सही मला खरेच येते. पहिले अक्षर मोठे, शेवटी रेघ उलटी मागे नेलेली. मी बोट त्या चौकोनापर्यंत नेले. पडदा विझला. त्याने तो पुन्हा चालू केला. मी बोट मागे घेतले.

"नाही होत," मी म्हणालो.

पत्नी माझ्याकडे बघत होती. रागाने म्हणावे तर तसे नाही. अंगाला कपडा होतो का बघतात, तसे.

"मग तुम्ही उभे राहा."

"कुठे?"

"तिथंच. कठड्याला. तुमची पाठ, तुमची सही. खोटं काही नाही ना त्यात?"

फोटोग्राफर हसला. मग थांबला. "काका, जरा वळा." मी भिंतीकडे तोंड केले. "अजून थोडं. खांदे सोडा... आयला. सॉरी, काकू. पण खांदे सेम आहेत."

"केस पांढरे आहेत," मी भिंतीकडे बघत म्हणालो.

"रंगवू," पत्नी म्हणाली. "जग नाही ओळखणार. तो ओळखेल. बापाची पाठ आहे."

त्याच रात्री बाजारातून निळी बॅग आणली. तसा निळा मिळाला नाही, जवळचा मिळाला. पट्टा धड होता, तो तिने कात्रीने उसवला आणि लाल दोऱ्याने पुन्हा शिवला. शेजारी बसून मी केसांना रंग लावला. आम्ही दोघे काय करत होतो हे कोणी बाहेरून पाहिले असते तर आम्हालाच डॉक्टरकडे नेले असते.

गुरुवारी सकाळी साडेसातला तिघेही तलावावर. मुलाचा राखाडी शर्ट मला पोटावर घट्ट होत होता.

"काका, पोट आत."

"पाठीचा फोटो आहे ना?"

"पाठीवरूनपण दिसतं, काका."

टपरीवाल्या बाई हातातले गाळणे तसेच धरून बाहेर आल्या. "आता बापालाच उबा केला काय?" म्हणाल्या, आणि पत्नीचा हात धरून तिला बाकावर बसवले.

मी कठड्याशी, मुलगा उभा होता तिथे उभा राहिलो. फोटोग्राफर मोबाइलवर जुना फोटो बघून मला इंच इंच सरकवत होता. डावा पाय पुढे. मान जरा खाली. आता हलू नका. हलायचे नव्हते म्हणून मी समोर बघत राहिलो. पाणी, शेवाळ, दोन बगळे. पलीकडे रस्ता. रस्त्यावरून आमच्या कारखान्याची पांढरी बस गेली.

मी त्या बसने रोज जातो. खिडकीशी बसतो. बस तिथून सात चाळीसच्या आसपास जाते.

तो बस बघायला तिथे येत होता की नुसताच उभा राहत होता, मला माहीत नाही. मला माहीत आहे ते एवढेच की बसमध्ये बसल्यावर मी पेपर उघडतो आणि तलावाच्या बाजूला मी कधी पाहिलेले नाही.

"काका, खांदे हलतायत," मागून फोटोग्राफर म्हणाला. नंतर म्हणाला, "राहू दे. असेच राहा."

फॉर्म आम्ही टपरीवरच्या बाकावर भरला. नाव माझे, जन्मतारीख माझी, पत्ता करंजाड्याचा. फोटोची तारीख २७ नोव्हेंबर. सही माझी. साक्षीदार म्हणून पत्नीने सही केली. फोटोखाली कोणते शब्द लिहू, असे त्याने या वेळी विचारले. मी म्हणालो, निराश लिहा, बेकार लिहू नका, मी नोकरीला आहे. पत्नी म्हणाली, "वडील लिही." त्याने लिहिले.

शुक्रवारी त्याचा फोन आला. जाहिरातवाल्यांनी जुना बाजूला ठेवून हा घेतला होता. जुना फोटो त्याने वेबसाइटवरून काढून टाकला आणि त्याची मोठी प्रत आम्हाला आणून दिली, तिचे पैसे घेतले नाहीत. जाहिरात जानेवारीत लागली. खारघरच्या पुलापाशी आहे, मी पाहिली. पत्नी मुद्दाम रिक्षाने जाऊन येते. टपरीवाल्या बाईंनी माझा नंबर खडूने भिंतीवर लिहून ठेवला आहे. मी बसमध्ये आता तलावाच्या बाजूला बसतो. पेपर घेत नाही. फोन अनोळखी नंबरावरून आला की आम्ही दोघेही उठून उभे राहतो. आतापर्यंत कर्जवाले आणि विमावाले निघाले आहेत.

फोटोग्राफरने ठरल्याप्रमाणे आठ हजार रुपये रोख मला दिले. मी ते ठेवले नाहीत, कारण भाव मुलाच्या पाठीचा ठरला होता. बँकेत जाऊन ते त्याच्या खात्यात भरले, भरणारा म्हणून माझे नाव घातले. ते खाते तो गेल्यापासून तसेच आहे, कार्ड त्याच्यापाशी आहे. दर पंधरवड्याला मी त्याचे पासबुक भरून आणतो आणि पत्नी दारातच ते माझ्या हातातून घेते. आठ हजार जमा झाल्याची नोंद आहे. काढल्याची अजून नाही.