मनकर्णाबाईंचा फिरोजा

काकासाहेबांना कशातलंच काही कळत नसे, पण तसं तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. शेंद्र्याची जमीन कारखान्यांसाठी गेल्यावर आलेल्या पैशात त्यांनी शहरात औरंगपुऱ्याच्या मागच्या अंगाला फ्लॅट घेतला, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे शिवले आणि एवढ्यावरच स्वतःला मोठा माणूस ठरवून टाकलं. बायकोनं, म्हणजे मनकर्णाबाईंनी, असला डामडौल चाळीस वर्षं पाहिला होता. नवरा बोलायला लागला की त्या खाली मान घालत. लोकांना वाटे, काय मर्यादशील बाई! बाई मनातल्या मनात नाक मुरडत असत.

साठीला टेकता टेकता त्यांना अंगठीचे खडे घासून घडवायचा नाद लागला. गल्लीच्या तोंडाशी नगिनेवाले एक चाचा बसत. त्यांच्या डब्यातले फिरोजाचे ओबडधोबड निळे तुकडे बाईंच्या नजरेत भरले, आणि चाचांनीच त्यांना रीत शिकवली. काडीच्या टोकाला लाख तापवून तुकडा चिकटवायचा. सहाणेवर पाणी सोडत सोडत त्याला गोलाई आणायची. मग पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. सगळं ओलंच करायचं, नाहीतर भुकटी नाकात जाते. शेवटची झळाळी चामड्यावर. त्यासाठी बाईंनी काकासाहेबांचा जुना पट्टा पाटावर खिळ्यांनी ठोकून बसवला. त्या पट्ट्याचा घराला झालेला तो पहिला उपयोग.

"लोकाच्या बाया पापड लाटत्यात, आमची दगडं घासती," काकासाहेब आल्यागेल्याला सांगत. आलेगेले खो खो हसत. त्यांची बहीण चतुराबाई तर पदर तोंडाला लावून हसे आणि जाताना विचारी, "वहिनी, वरवंट्याला बी चमक आणून देता का?" चतुराबाईनं स्वतः जन्मात एक फुलवात धड वळली नव्हती.

चार वर्षं गेली. पहिले तीसेक खडे वाया गेले. कुणी एका अंगाला बसका, कुणाला काळी चीर, कुणी ऐन चमक येताना काडीवरून उडून मोरीत गेला. मग एक खडा जमला. ट्यूबलाइटखाली धरून तो फिरवला की उजेडाची रेघ ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत न मोडता सरकायची. बाईंनी तो दहा वेळा फिरवून पाहिला. त्यांना इतका आनंद झाला, की त्या स्वयंपाकघरात एकट्याच हसल्या. ह्या खड्याची अंगठी करून आपल्या बोटात घालायची, हे त्यांनी त्याच क्षणी ठरवलं. आजवर अंगावर चढलेला प्रत्येक दागिना कुणीतरी दिलेला होता आणि दिल्याचं दहादा बोलूनही दाखवलेलं होतं. हा त्यांचा स्वतःचा होता.

त्याच सुमारास काकासाहेबांना सोसायटीचं चेअरमन व्हायची उबळ आली. चोवीस घरांची सोसायटी, पाण्याची मोटर आणि लिफ्ट, एवढंच काय ते राज्य. पण ते जोतिष्याकडे गेले. जोतिष्यानं फिरोजा घालायला सांगितला. काकासाहेबांनी घरी येऊन बायकोचा डबा उघडला, त्यातला सगळ्यांत चांगला खडा उचलला आणि सोनाराकडून चांदीत बसवून आणला. विचारायचं कशाला? चार वर्षं ज्याला दगड म्हणून हिणवलं, तो जोतिष्याच्या तोंडून आल्याबरोबर रत्न झाला होता.

बाईंना कळलं ते गुरुवारी सकाळी. चतुराबाई आणि चार पाहुणे जमले होते, देवापुढं ताम्हनात अंगठी होती आणि काकासाहेब सोवळं नेसून पंचामृताची वाटी हातात घेऊन बसले होते.

"अहो, तो माझा खडा हाय," बाई म्हणाल्या.

"घरात तुझं-माझं काय असतंय?"

अंगठी गेली तर गेली, खडा तरी वाचावा म्हणून बाई पुढं झाल्या. "मग दूध-तूप नका घालू त्याच्यावर. हळद तर नकोच. फिरोजा समदं पितो, रंग जाईल. पाण्यानं पुसा अन् घाला."

"आता तू मला देवाधर्माचं शिकीव! अभिषेकाबिगर अंगठी घालत्यात व्हय कुणी?"

पाहुणे हसले. काकासाहेबांनी अख्खी वाटी ओतली, वर चिमूटभर हळद घातली, आणि जोतिष्यानं सूर्यास्तापर्यंत बुडवून ठेवायला सांगितलं होतं म्हणून ताम्हन झाकून ठेवलं. दिवसभर बाई त्या ताम्हनासमोरून येजा करत होत्या. अंगठी उचलून घ्यावी असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा चतुराबाई दारातच बसलेली होती.

संध्याकाळी पाहुणे पुन्हा जमले आणि काकासाहेबांनी परत सोवळं नेसून झाकण काढलं. खडा शेवाळासारखा हिरवट झाला होता, त्यात पिवळे डाग, आणि झळाळीचा मागमूस नाही. काकासाहेबांनी तो सोवळ्यावर घासला, थुंकी लावून घासला. तो आणखीच मातकट झाला.

"खोटा निघाला," ते गरजले. "त्या नगिनेवाल्यानं हिला बनवलं. लई शहाणी समजत व्हती!"

"खोटा असता तर जसाच्या तसा निघाला असता," बाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं, निव्वळ संताप होता. "खरा व्हता म्हणून वाया गेला."

मग काकासाहेबांनी त्यांच्या सवयीप्रमाणे मोठं मन केलं. "बरं, जाऊ दे. दुसरा करून दे. इलेक्शन पंधरा दिवसांवर हाय. तुला तरी दुसरं काय काम हाय?"

बाई उठल्या. आतून सहाण आणली, पाण्याचा गडवा आणला, लाख लावलेली काडी आणि एक ओबडधोबड तुकडा आणला. सगळं सोवळं नेसलेल्या नवऱ्याच्या पुढ्यात नीट मांडलं.

"चार वर्षं लागत्यात," त्या म्हणाल्या. "आजच बसा."

पाहुणे पुन्हा हसले, चतुराबाई तर सगळ्यांत मोठ्यानं, पण ह्या वेळी सगळे काकासाहेबांकडं बघत होते.