तळ्याकाठची सोपी वाट

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. तळ्यात गाळ साचतो तसे ते साचतात. दरवर्षी बोटभर, आणि एक दिवस काठी घालून बघावं तर कमरेइतके! आमच्या रविवारच्या फिरणाऱ्या मंडळींचे असेच साचले आहेत. चारचौघांत बसलो की कुणीतरी म्हणतं, "मास्तर, त्या इन्स्पेक्टरच्या बुटाचं सांगा." मी सांगतो, लोक हसतात. पण आम्ही फिरायला जायचो त्या तळ्यावरून आमच्यातला एकजण परत आला नाही, आणि त्यात माझा वाटा किती, हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. म्हणून आज सगळे ओळीनं सांगतो. क्रम चुकला तर माझ्या वयाचा दोष समजा.

*

इंग्रजी अमलातली शेवटची दहा-बारा वर्षं. मी धुळ्याच्या एका हायस्कुलात सायन्स शिकवत होतो. नावापुढे एम.एससी., बी.टी. लावत होतो. राहायला देवपुरात. शेजारी नानासाहेब वकील. नानांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "चालायला लागा. नाहीतर फार तर दोन वर्षं."

नाना म्हणाले, "सपाट असेल तर चालतो. चढ असेल तर दोन वर्षं मान्य!"

अशी आमची मंडळी जमली. नाना, मी आणि मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून रामभाऊ. गावाबाहेर एक मोठं तळं होतं. एका अंगाला दगडी पाळ, बाकी तिन्ही अंगांना लव्हाळं, पाणकणीस आणि पाखरं. रविवारी सकाळी टांग्यानं पाळेपर्यंत जायचं आणि तळ्याला एक फेरी मारायची.

पहिल्या रविवारी नानांच्या पत्नी दारात आल्या. सगळी आळी त्यांना अक्का म्हणायची. म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. तुमच्या भरवशावर पाठवते."

मी मान डोलावली. शिक्षणाचा आणि भरवशाचा काय संबंध, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

*

तळं सरकारनं राखीव केलेलं होतं. राखीव म्हणजे पाखरं फक्त साहेबांनी मारायची! तसा बोर्डही होता. राखणदार होता धुडकू भोई. अंगात बंडी, हातात वेळूची काठी, तोंडी अहिराणी. त्या तळ्यात त्याच्या आजानंही जाळी टाकली होती.

एका थंडीत आम्ही पोचलो तर साहेबांची शिकार चालू. शिपायानं अडवलं. "पुढं जाऊ नका. बदक समजून गोळी लागली तर?"

नाना म्हणाले, "साहेबांना सांग, बदक कोर्टात जात नाही. मी रोज जातो!"

शिपाई हसला आणि त्यानं आम्हाला बाभळीखाली उभं राहू दिलं. तेवढ्यात वरून एक बदक आमच्या पायाशीच पडलं. जिवंत होतं. एक पंख मातीवर आपटत गोल गोल फिरत होतं. मी रामभाऊंकडे बघितलं. रामभाऊ दोन पावलं मागे सरले. "हात लावू नका मास्तर, सरकारी आहे."

नानांनी तोंड फिरवलं. मी मात्र बघत राहिलो. वेदनेचं शरीरशास्त्र मला पाठ होतं, मान कुठं मुरगळायची ते ठाऊक नव्हतं. चांगली पाच मिनिटं गेली. मग लव्हाळ्यातून धुडकू आला, बदक उचललं, एकच पीळ दिला.

"शिकेल लोकेस्ना हाते काई मरत नही," तो म्हणाला आणि बदक साहेबांकडे घेऊन गेला.

*

आता मुख्य गोष्ट. उन्हाळ्यात तळं आटलं की पलीकडचा काठ उघडा पडायचा. गाळ वाळून फरशीसारखा टणक. त्यावरून गेलं की पाळेच्या टोकाचा उतार-चढ टळायचा. नानांना तो चढ झेपेनासा झाला होता. दोनदा मध्येच बसले. ओठ निळे.

मी ठरवलं, नानांसाठी सोपी वाट आखायची. शाळेतून मोजणीची साखळी आणि कंपास आणला. वीस-वीस पावलांवर एकेक दगड मांडला आणि पांढरा रंगवला. चुना पावसात जाईल म्हणून मी तेलरंग आणवला. त्या हुशारीचा मला अभिमान होता. घरी बसून नकाशा काढला, मागे कापड चिकटवलं, वर वळणदार अक्षरात लिहिलं, "सोपी वाट". नानांनी तो कोर्टातल्या बाररूममध्ये लावला.

धुडकू आला, दगडांकडे बघत उभा राहिला. "मास्तर, हाई वाट उन्हाळानी शे."

मी त्याला समजावलं. पावसाळ्यात दगड पाण्याखाली जातील, तेव्हा वाट बंद. पाणी उतरून दगड दिसले की वाट सुरू. साधी गोष्ट!

त्यानं काठीनं एक दगड हलवून बघितला. मग म्हणाला, "पानी जास मास्तर. पन जमीन लगेच येत नही."

रामभाऊ हसले. "घ्या! धुडकू तुमचा पेपर तपासतोय!" मीही हसलो.

*

आता तो बूट. शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले. हेडमास्तरांनी त्यांना माझ्या गळ्यात बांधलं. मी त्यांना रविवारी आमच्या मंडळींबरोबर तळ्यावर नेलं. पावसाळा सरत आला होता, पाणी नुकतंच थोडं मागे गेलं होतं, आणि पहिले दोन दगड बाहेर आले होते.

"वा! सायंटिफिक!" इन्स्पेक्टर म्हणाले आणि मी थांबा म्हणायच्या आत दुसऱ्या दगडाकडे निघाले. वरून कोरडं दिसत होतं. तिसऱ्या पावलाला उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. नाना, रामभाऊ आणि मी, तिघांनी मिळून ओढला. पाय आला, बूट राहिला.

टांग्यात ते एका बुटावर ताठ बसले होते. पुढे शाळेचा रिपोर्ट आला. शेवटचं वाक्य होतं, "निकाल समाधानकारक. परिसर ओलसर."

महिनाभर आम्ही हसत होतो. मी दगड उचलून टाकायला हवे होते. मी तो किस्सा पाठ केला.

*

दोन वर्षांनी पाऊस कमी झाला. दिवाळी संपताच रब्बीसाठी तळ्याचं पाणी पाटात सोडलं. एरवी फाल्गुनात दिसणारी दगडांची सगळी रांग कार्तिकातच वर आली. तेलरंग टिकला होता.

त्या रविवारी रामभाऊ दौऱ्यावर होते आणि मी परीक्षेचे पेपर तपासत होतो. नाना दारात आले. "मास्तर, आज एकटाच जातो. तुमचे दगड आहेत सोबतीला!"

"सावकाश जा," मी म्हणालो. मान वर केली नाही.

ऊन वर आल्यावर टांगेवाला धावत आला. मी पोचलो तेव्हा धुडकू फळीवर पालथा पडून गाळातून पुढे सरकत होता. नाना सातव्या दगडापाशी छातीपर्यंत गाळात रुतून उभे होते. एक हात दगडावर. नानांनी हाक मारली तेव्हा धुडकू पलीकडच्या टोकाला जाळं लावत होता. त्याला ती ऐकू आली, पण तळ्याला वळसा घालून येईपर्यंत हाक थांबली होती. दोर, फळ्या, चार माणसं लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

रामभाऊ दुपारी आले. पाळेवर ठेवलेल्या नानांकडे बघून एवढंच म्हणाले, "पागोटंसुद्धा भिजलं नाही हो."

*

त्याच दिवशी पाळेवर पंचनामा झाला. हा किस्सा मी आजपर्यंत कुठल्याच बैठकीत सांगितलेला नाही.

फौजदारांनी काठीनं दगडांकडे दाखवलं. "हे कुणाचे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रामभाऊ म्हणाले, "जुने असतील साहेब." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

फौजदार धुडकूकडे वळले. "तू राखणदार. इथं माणूस रुततो, हे तुला ठाऊक होतं?"

"व्हतं साहेब."

"मग कुणाला सांगितलंस?"

धुडकूनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. वर्गात उत्तर येणारा विद्यार्थी मास्तरांकडे बघतो ना, सांगू का म्हणून, तसं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. हे कागदावर आलं की अक्कांना कळणार. नोकरीचंसुद्धा आठवलं नाही, असं मी स्वतःला सांगतो. ते खरं आहे की नाही, ठाऊक नाही.

मी गप्प राहिलो.

"कोनलेच नही, साहेब," धुडकू म्हणाला.

फौजदारांनी लिहून घेतलं. "राखणदारी गेली तुझी." धुडकूनं अंगठा उठवला. खाली मी पंच म्हणून सही केली. सवयीनं, डिग्रीसकट.

टांगा नानांना घेऊन गेला. रामभाऊ फौजदारांबरोबर निघाले. मी पाळेवर एकटाच उरलो, आणि पाय उचलेना. धुडकू फळ्या ठेवून परत आला. त्यानं काठी उचलली आणि माझ्यापुढे झाला.

"चला मास्तर. मन्हा पायवर पाय ठेवत या."

पाळ दगडी होती. कोरडी ठणठणीत, बैलगाडी जाईल एवढी रुंद. तरी तो गावाच्या रस्त्याला लागेपर्यंत दर पावलाला काठी टोचून बघत होता, मागे वळून मला थांबवत होता, आणि मग म्हणत होता, "हां. आते या."