नववा गोळा

कोन गावच्या शाळेत केसरीनाथ गुरुजींनी आकाश टांगलं होतं. भिवंडीच्या लूमवरचं उरलेलं सूत आणून त्यांनी ग्रहांचे गोळे गुंडाळले, रंगवले आणि वर्गाच्या वाशांना दोऱ्यांनी बांधले. आमच्या गावात हात लागेल असं आकाश तेवढंच. जगात नवं काही सापडलं की पुस्तकात यायला वर्षं जातात, म्हणून गुरुजी पेपर वाचून आधी त्याची वस्तू घडवायचे आणि मग शिकवायचे. त्यांची बायको मैना म्हणायची, "घरातला नळ गलतंय तो दिसत न्हाय, नि शनीची कडी पुसताव!"

२००६च्या ऑगस्टात बातमी आली की शास्त्रज्ञांनी प्लुटोला ग्रहांमधून काढलं. नववा गोळा उतरवायला गुरुजींनी कात्री दिली ती रमशाच्या हातात. रमशा सातवीतली, लूमवर काम करणाऱ्या गुलाम हुसेनची मुलगी. त्या हिवाळ्यात ती ठाण्याच्या एका ट्रस्टची शिष्यवृत्तीची परीक्षा देणार होती. बापानं सांगून ठेवलं होतं, "पास झालीस तर ठान्याला वसतिगृहात, न्हाय तर माझ्याबरोबर कारखान्यात, सुताच्या कांड्या भरायला."

कात्री धरून रमशा थबकली. विणकराच्या घरात तुटलेल्या ताग्याला, म्हणजे धाग्याला, गाठ मारल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही.

"गुरुजी, आमच्यात तागा जोडतात. तोडत न्हाय."

"अगं, खोट्याचा तागा हाय तो. तोड बिनधास्त."

तिनं तोडला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. बोराएवढा प्लुटो तिनं दप्तरात ठेवला.

परीक्षेत नेमका प्रश्न आला, सूर्यमालेत ग्रह किती? रमशानं आठ लिहिले. तपासणाऱ्यापुढचं पुस्तक जुनं, त्यात नऊ. तेवढ्या एका गुणानं तिची जागा गेली.

गुरुजी प्लुटोच्या बातमीचं कात्रण घेऊन ठाण्याला गेले. ट्रस्टचे साहेब भले होते. वाचून म्हणाले, "गुरुजी, तुमचंच बरोबर आहे. पण जागा भरल्या हो." बरोबर आहे, हे ऐकून गुरुजी खाली उतरता उतरता जिन्यातच बसले.

गुलाम हुसेन एवढंच म्हणाला, "तुमच्यावर गुस्सा न्हाय, गुरुजी. पन मी बोललो ते बोललो."

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा रमशा दारात आली ती दप्तराशिवाय. केसांत सुताचे तंतू अडकलेले. तिनं मूठ उघडली.

"हा परत लावू का, गुरुजी? पुढच्या पोरींचं असं नको व्हायला."

गुरुजींनी जन्मात खोटं शिकवलं नव्हतं. त्यांनी स्टूल तेवढं तिच्यापुढे सरकवलं. ती चढली, लोंबणाऱ्या दोऱ्याला दोरा जोडला. गाठ इतकी बारीक, की कधी तुटलं होतं हे कुणाला कळू नये.

"येते. ड्युटी हाय," ती म्हणाली आणि निघाली.

नवीन वर्ग वर बघत होता. पुढच्या बाकावरच्या धनेशनं बोटांवर मोजत विचारलं, "मंग गुरुजी, किती ग्रह?"

"आठ हायेत," गुरुजी म्हणाले. मग फळ्याकडे तोंड करून म्हणाले, "लिवा नऊ."