भोंग्यावरचा दिनविशेष

किस्से गोळा करायची मला हौस नाही. पण रोज सकाळी सात वाजता तुम्ही अख्ख्या गावाच्या कानात ओरडलात, की गाव दिवसभर तुम्हाला परत काहीतरी ऐकवतं. पारावर ऐकवतं, हॉटेलात ऐकवतं, कटिंगच्या दुकानात मान वाकवलेली असताना ऐकवतं. मी ऐकून घेतो आणि चिडतो. चिडलेला माणूस काही विसरत नाही, म्हणून एवढे साचलेत.

आमचं गाव चुडाव्याच्या जवळ. स्टेशन चुडाव्याला, आमच्याकडं नुसता गाडीचा आवाज येतो. ग्रामपंचायतीनं गावात चार भोंगे बसवलेत. एक मारुतीच्या देवळावर, एक पाण्याच्या टाकीवर, एक शाळेवर आणि एक नेमका आमच्या घरासमोरच्या खांबावर. पूर्वी त्यावरून "नळ आलेत", "रेशन आलंय", "केवायसी करून घ्या" एवढंच यायचं. मग आदर्श गावाची टूम निघाली. सरपंच आहेत सुनंदाकाकू, पण खुर्चीवर बसतात त्यांचे मालक, तात्या. तात्यांनी मला बोलावून घेतलं.

"इंजिनेर, तू रिकामाच फिरायलास. रोज सकाळी माइकवर दिनविशेष वाच. कोणाची जयंती, कोणाचा वाढदिवस, जगात आज काय दिवस हाय ते. कमिटी आली की दाखवायला बरं."

मी इंजिनेर नाही. नांदेडला तिसऱ्या वर्षातून इंजिनिअरिंग सोडून आलो, म्हणून गाव मला इंजिनेर म्हणतं. पूर्ण केलं असतं तर नावानं हाक मारली असती.

"पगार?" मी विचारलं.

"तुझा आवाज साऱ्या गावात जाणार. मी सरपंचाचा नवरा, तरी माझं घरात सुद्धा कोणी ऐकत न्हाई."

मी हो म्हणालो, पण तात्यांसाठी नाही. बापासाठी. माझा बाप जिल्हा परिषद शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. गाव त्याला सर म्हणतं. मी कॉलेज सोडून आलो त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नव्हता. दीड वर्ष झालं होतं. तीन खोल्यांच्या घरात हे सोपं नाही, पण त्यानं जमवलं. मी समोर बसलेला असतो आणि तो आईला सांगतो, "त्याला म्हणाव, गॅसची टाकी आणायचीय." मीही आईलाच सांगतो, "आणतो म्हणाव." आई मधे बसून भाकरी थापते. भोंगा हातात आला तेव्हा मला वाटलं, आता बघतो, कसा ऐकत नाही. खांब घरासमोर आहे. एक शब्द तरी बोलशील. शिवी दिली तरी चालेल.

*

पहिल्याच आठवड्यात जागतिक हात धुवा दिन आला. मी मोबाईलवरून सगळं उतरवून काढलं आणि जोरात वाचलं. साबण लावा, बोटांच्या मधे घासा, नखं स्वच्छ करा, वाहत्या पाण्याखाली धुवा.

गावाच्या नळाला आठवडाभर पाणी नव्हतं. टाकीची मोटर जळालेली.

पारूकाकी रिकामी कळशी घेऊन ग्रामपंचायतीच्या ऑफिसात आली, ती माझ्या टेबलावर आदळली आणि दोन्ही हात पुढं केले. काल शेण थापलं होतं, ते तसंच होतं.

"वाहतं कुठं हाय तेवढं सांग," ती म्हणाली. "बोटं घासायचं माझं मी बघते."

तात्या मागच्या दारानं निघून गेले. दुसऱ्या दिवशी मोटर दुरुस्त झाली. गावात त्याचं श्रेय तात्यांना मिळालं आणि कळशीचा पोचा काढून द्यायचं काम मला.

*

जागतिक झोप दिनाचं तर विचारूच नका. "निरोगी आयुष्यासाठी प्रत्येकानं पुरेशी झोप घ्यावी," असं मी सकाळी सातला चार भोंग्यांवरून सांगितलं.

रंगनाथआबा आमच्या गावातलं सगळ्यात मोकळं माणूस. वय झालंय, काम नाही, झोप मात्र गाढ. ते धोतर सावरत ऑफिसच्या पायरीपर्यंत आले.

"मी काय करायलो होतो, बाबा?"

"झोपला होताव."

"मग सांगायला उठवलं कशाला?"

 

*

मग डावखुऱ्यांचा दिवस. मला हा दिवस आवडला, कारण मी स्वतः डावखुरा व्हायचा प्रयत्न केलेला माणूस आहे. गिटार डाव्या हातानं जास्त भारी दिसते. वाजत नाही, पण दिसते. मी माइकवर जाहीर केलं की गावातल्या सगळ्या डावखुऱ्यांनी दहा वाजता ऑफिसला यावं, त्यांचा गुलाबाचं फूल देऊन सत्कार होईल.

कोणी आलं नाही. बारा वाजेपर्यंत मी फुलं घेऊन बसलो. एवढ्या मोठ्या गावात एक डावखुरा सापडू नये?

संध्याकाळी हॉटेलवाल्यानं खुलासा केला. "सापडंल कसा? सगळ्यांना तुझ्या बापानं शाळेत सरळ केलं. माझ्या डाव्या हातावर पट्टीचा वळ हाय अजून. दाखवू?"

तरी त्या दिवशी काही जुने विद्यार्थी पेटले. घरी जाऊन डाव्या हातानं जेवायला बसले आणि बायकांनी पुढची ताटं उचलली.

रात्री जेवताना बाप भिंतीकडं बघत आईला म्हणाला, "त्याला म्हणाव, तेव्हा नियमच तसा होता."

"नियम कोणी केला होता, विचार," मी म्हणालो.

आईनं दोघांनाही वाढायचं बंद केलं.

*

वाढदिवसांचं मला सोपं वाटायचं. नटनट्यांचे वाढदिवस मोबाईलवर आयते मिळतात. जुन्या हिंदी सिनेमातल्या एका नटीचा दिवस होता. मी तिचं नाव घेतलं, चार सिनेमे सांगितले आणि शेवटी म्हणालो, "आज त्यांनी वयाची पंच्याहत्तर वर्षं पूर्ण केली."

दुपारी पारावर गेलो तर म्हातारे सुतक धरल्यासारखे बसलेले.  तंबाखूची डबी सुद्धा फिरेना.

"कोण गेलं?" मी विचारलं.

रंगनाथआबांनी मान वर केली. "तिचं वय माइकवर सांगायची काय गरज होती?"

"आबा, खरंच पंच्याहत्तर हाय."

"असंल. पण आमी तिला परभणीच्या टॉकीजमधी बघितलं तवा ती विशीची होती. त्याच्यापुढं आमी तिला जाऊ दिलं नव्हतं."

त्या दिवसापासून नटींचं वय सांगायचं नाही असा ठराव झाला. तोंडीच, पण एकमतानं. ह्या गावात नालीच्या प्रश्नावर कधी एकमत झालेलं मी बघितलं नाही.

*

आता माझा खरा धंदा सांगतो. मला ह्या जयंत्या, जागतिक दिवस, कशाशीच घेणंदेणं नव्हतं. मला रॉक ऐकवायचं होतं. सगळ्या बँडचे दिवस मला पाठ: कोणाची पहिली रेकॉर्ड कधी आली, कोण कधी फुटलं, कोण कधी मेलं. परीक्षेत हेच विचारलं असतं तर आज मी तात्यांच्या ऑफिसात नसतो.

तर एका इंग्लिश बँडच्या ड्रमरची पुण्यतिथी आली. मी शोकाच्या आवाजात माहिती सांगितली आणि मोबाईल माइकला लावून गाणं सोडलं. सुरुवातीलाच गिटार अशी फाटते की बस. गाणं कुठं सुरात यायच्या आत टाकीवरचे पारवे उडाले, दोन म्हशींनी दूध चोरलं आणि तात्यांनी वायरमनला फोन लावला, "लवकर ये, भोंग्यात शॉर्ट व्हायलाय."

वायरमन लगेच आला. विजेची डीपी जळाली तर हा माणूस चार दिवस फोन उचलत नाही. गाव गोळा झालं ते गाणं ऐकायला नाही, वायरमनला बघायला.

रंगनाथआबा मात्र गंभीर होते. "पुण्यतिथी म्हणालास. कोण होता पोरगा?"

"इंग्लंडचा, आबा. ड्रम वाजवायचा."

"वय काय?"

"बत्तीस."

"कशानं गेला?"

"दारूनं."

आबांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे आपल्याकडल्यासारखंच की."

घरी निरोप तयार होता. "त्याला म्हणाव, सकाळी सकाळी मढ्याचं गाणं लावू नको." मला राग यायला हवा होता. पण बापानं नीट ऐकलं होतं एवढं कळलं. मी भाकरी एक जास्त खाल्ली.

*

ह्यानं मला हिंमत आली आणि मी गाढवपणा केला. नांदेडला आमचा चौघांचा बँड होता, नाव 'राख'. गॅदरिंगला आम्ही एकदा वाजवलं. पहिल्याच गाण्याच्या मधे प्राचार्यांनी स्वतः स्टेजवर येऊन वायर काढली. आमचा ड्रमर आता खताच्या दुकानात आहे आणि गाणारा सासऱ्याच्या ताब्यात. त्या कार्यक्रमाची तारीख आली तेव्हा मी माइकवर म्हणालो, "मराठवाड्याच्या रॉक संगीतात क्रांती करणाऱ्या 'राख' या बँडच्या पहिल्या आणि अखेरच्या कार्यक्रमाचा आज स्मृतिदिन."

आवाजात एवढं दुःख आणलं की मलाच भरून आलं. हा बँड माझा, हे घराबाहेर गावात कोणाला माहीत नव्हतं.

हॉटेलात आबांनी बशी खाली ठेवली. "हे राखवाले बी दारूनंच गेले का?"

"न्हाई आबा," मी म्हणालो. "एटीकेटीनं."

त्या रात्री बापाकडून काहीच निरोप आला नाही. ताट तसंच ठेवून उठला, असं आई म्हणाली. बँडचं नाव त्याला माहीत होतं. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं होतं त्याला, सगळ्यांसमोर.

*

एक जूनला आमच्या अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो. पन्नाशीच्या पुढच्या कोणाचीही जन्मतारीख विचारा, एक जून. शाळेत नाव घालायला बाप पोराला बखोटीला धरून आणायचा, तारीख कोणालाच माहीत नसायची, गुरुजी एक जून लावून मोकळे. आमच्या गल्लीत दोन सख्खे भाऊ आहेत, दाखल्यावर दोघं एकाच दिवशी, एकाच वर्षी जन्मलेले. जुळे नाहीत. मधे एक बहीण आहे.

मी सगळ्यांची नावं वाचली. घसा बसला, तरी संपेनात. त्यात बापाचंही नाव वाचलं, सगळ्यांसारखंच, सरळ.

रात्री बाप आईला म्हणाला, "त्याला म्हणाव, माझा वाढदिवस एक जूनला नसतो."

इतक्या दिवसांत त्यानं स्वतःबद्दल मला कळवलेली ही पहिली गोष्ट. तो झोपल्यावर मी आईला विचारलं, मग कधी असतो?

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. करीला झाले होते, असं सासूबाई म्हणायच्या."

"मला कधी सांगितलं न्हाईस."

"करतंय कोण वाढदिवस? तुझा करायचा तेवढाच होता ह्या घरात."

*

पोळ्याची कर उजाडली. आदल्या दिवशी बैल मिरवून गाव दमलेलं. त्या दिवशी मी जगातलं काही वाचलं नाही. माइक चालू केला आणि म्हणालो, "आजचा दिनविशेष. आपल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, म्हणजे माझे वडील, यांचा आज वाढदिवस. दाखल्यावरचा न्हाई, खरा. वय वर्षं एकसष्ट. त्यांना शुभेच्छा."

शुभेच्छा म्हणताना आवाज चिरकला. मशीन जुनं आहे.

पुढं काय वाचावं म्हणून मी मोबाईल चाळत बसलो, माइक चालूच राहिला. तेवढ्यात दार ढकलून बाप आत आला. इस्त्रीच्या शर्टाशिवाय अंगणात न येणारा माणूस, बनियनवर, खांद्यावर टॉवेल, अर्ध्या गालाला दाढीचा साबण. अख्ख्या गावातून तसाच चालत आला होता.

"साठ," तो म्हणाला.

मी खुर्चीवरून उठलो.

"एकसष्ट न्हाई. साठ. शाळेत लवकर घ्यावं म्हणून माझ्या बापानं वर्ष वाढवून सांगितलं होतं."

"मला कोणी सांगितलं न्हाई."

"तू विचारलं का?"

"तुमी बोलतच न्हाईत. विचारू कसं?"

बाहेर पारावरची माणसं उठून उभी राहिली होती. बापानं त्यांच्याकडं बघितलं, मग माइकच्या लाल दिव्याकडं.

"हे चालू हाय?"

"हाय."

त्यानं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. मग म्हणाला, "दुरुस्ती कर."

मी माइक जवळ ओढला. "दुरुस्ती. सरांचं वय साठ. एकसष्ट न्हाई."

बापानं गालावरचा वाळलेला साबण टॉवेलानं पुसला. दारापर्यंत गेला आणि थांबला. "आईला सांग, चहा टाक म्हणाव. येतोय आपण."

ते मी माइकवरूनच सांगितलं.

घरी पोचलो तर आमच्या ओट्यावर तात्या, रंगनाथआबा, पारूकाकी आणि अर्धी गल्ली चहाला येऊन बसलेली. आईनं लग्नातलं मोठं पातेलं काढलं होतं. आम्हाला दोघांना बघून तिनं रिकामी दुधाची किटली आमच्या मधोमध उंबऱ्यावर ठेवली.

"दूध संपलंय," ती म्हणाली. "कोण आणायला जायचं ते तुमचं तुमी बोला. मी कोणाला काही सांगणार न्हाई."