मिस्त्री पडला त्याची गोष्ट

लढाई संपली आणि लष्कराच्या जुन्या फटफट्या नगरात लिलावात निघाल्या. आम्ही कचेरीतल्या चार कारकुनांनी एकेक घेतली आणि भिंगारच्या एका मिस्त्रीकडे चालवायला शिकू लागलो. त्याचं एकच पालुपद होतं, "आदी पेट्रोल बंद करा रावसाहेब, मंग बोला." गाडी पडो, बिघडो, नाहीतर चहासाठी थांबो, त्याचा हात आधी टाकीखालच्या तोटीवर जायचा.

पंधरा दिवसांत आम्हाला शिंगं फुटली आणि त्याला बरोबर घेऊन आम्ही खर्ड्याला निघालो. जामखेडच्या पुढे नुसती खडी. तिच्यावर आम्ही आळीपाळीने पडलो. शेवटचा नंबर माझा, तोही ऐन खर्ड्याच्या वेशीत. पारावरची माणसं पोट धरून हसू लागली. तेवढ्यात मागून मिस्त्री आला आणि माझ्या शेजारीच गाडीसकट आडवा झाला.

"लई वंगाळ खडी हाय," तो पाराकडे बघून म्हणाला. सगळं हसू त्याच्याकडे वळलं.

त्याची गाडी उचलताना मी शिकवल्याप्रमाणे आधी तोटीला हात घातला. ती बंदच होती, आणि पडल्यापासून त्याचे दोन्ही हात तर खडीवरच टेकलेले होते.

पेन्शनीत निघेपर्यंत मी कचेरीत मिस्त्री कसा पडला ते रंगवून सांगत असे. तोटीचं तेवढं कधी सांगितलं नाही.